मालिकेतली आई गेली म्हणून रडू येतंय, तर लाजू नका

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. साडेचार वर्षं रोज रात्री साडेआठला बघत होतात ती मालिका मागच्या महिन्यात संपली. त्यातली नायिकेची आई तुम्हाला स्वतःच्या आईसारखी वाटायची. आता साडेआठ वाजले की पोटात कालवाकालव होते, आणि त्यात भर म्हणजे तीच अभिनेत्री दुसऱ्या चॅनलवर खाष्ट सासू होऊन आलीय, तिचा प्रोमो बघून तुम्ही आत स्वयंपाकघरात जाऊन रडलात. मिस्टर म्हणाले "अगं नाटक असतंय ते, येडी का काय". तुम्ही विचारलंय की हे नॉर्मल आहे का, घरच्यांना काय सांगू, आणि नवीन मालिका लावू का नको.

पहिल्याचं उत्तर लगेच देते म्हणजे आज रात्री नीट झोपाल. होय, नॉर्मल आहे. मी कोल्हापुरात बरीच वर्षं समुपदेशन करते, आणि हे दुखणं घेऊन थेट कुणी येत नाही, लोक येतात झोप लागत नाही म्हणून, चिडचिड होते म्हणून, आणि तिसऱ्या चौथ्या बैठकीला मान खाली घालून हळूच सांगतात की मॅडम हसू नका, पण एक मालिका होती. रिटायर झालेले काका सांगतात, इंजिनिअरिंगची पोरं सांगतात, घरात दहा माणसं असलेल्या काकू पण सांगतात. तुम्ही निदान सरळ लिहिलंत, बरं केलंत.

आता हे होतं कसं ते जरा सविस्तर सांगते, कारण कारण कळलं की लाज निम्मी होते हे मी कित्येकदा बघितलंय.

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक लेख लिहिला होता, टीव्ही तेव्हा तिकडं नुकताच घराघरांत पोचत होता. त्यांच्या लक्षात आलं की पडद्यावरच्या माणसाशी बघणाऱ्याचं एक नातं तयार होतं, एका बाजूचंच, पण जवळिकीचं. त्याला त्यांनी पॅरासोशल असं नाव दिलं. म्हणजे ती बाई तुम्हाला ओळखत नाही पण तुम्ही तिला ओळखता, आणि तुमच्या मनाच्या हिशोबात ती ओळख खऱ्या ओळखीसारखीच नोंदली जाते. पुढं १९६८ मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली, बाकी काही झालं नाही तरी ती आपल्याला आवडायला लागते. आता हे आपल्या डेली सोपला लावून बघा. आठवड्याला सहा भाग धरले तर साडेचार वर्षांत तेराशे-चौदाशे भाग होतात, जाहिराती वगळून एक भाग वीस-बावीस मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ साडेचारशे-पाचशे तास तुम्ही त्या बाईचा चेहरा जवळून बघितलाय. जवळून म्हणजे क्लोजअप, एवढ्या जवळून आपण फक्त आपल्या लेकराचा नाहीतर नवऱ्याचा चेहरा बघतो. सख्ख्या बहिणीला एवढा वेळ दिलाय का या साडेचार वर्षांत? बहुतेकांचं उत्तर नाही असंच येतं, माझंही तेच येईल.

आणि नुसता वेळच नाही. शेजारच्या वहिनी दाराशी हसून बोलतात, आत जाऊन रडतात का ते आपल्याला कधीच कळत नाही. मालिकेत कॅमेरा त्या बाईच्या मागोमाग देवघरात जातो, ती एकटी असताना देवाशी काय बोलते ते आपण ऐकतो, तिनं मुलीपासून काय लपवलंय ते फक्त आपल्याला माहीत असतं. एखाद्याचं गुपित माहीत असणं म्हणजे जवळचं असणं, हे आपलं मन लहानपणापासून शिकलंय, त्याला पटकथा लेखक वगैरे काही कळत नाही. शिवाय ती तुम्हाला कधी टोमणा मारत नाही, काही मागत नाही, सणाला बोलावलं नाही म्हणून रुसत नाही. दिवसभर सगळ्यांचं करून दमलेल्या बाईला असं माणूस मिळालं तर ती जीव लावेल नाहीतर काय करेल सांगा बरं.

"पण मला माहितीय ना खोटं आहे, मग का रडू येतं", असं तुम्ही लिहिलंय. माहीत असणं आणि वाटणं या दोन गोष्टी मनात वेगवेगळ्या वेगानं चालतात. चेहरा, आवाज, अश्रू दिसले की वाटणं आधी पोचतं, "हे नाटक आहे" हा विचार नंतर येतो, आणि येतो तोवर घसा दाटलेला असतो. हे बिघडलेलं मन नाही, दुसऱ्याचं दुःख आपल्याला लागतं ते ज्या शक्तीमुळं, तीच ही. मालिका बघून ज्याला कधीच काही वाटत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते, खरंच सांगते.

तुम्ही एकट्या नाही हे बघायला लांब जायला नको. आपल्या करवीर तालुक्यातलं वसगडे आठवा. 'तुझ्यात जीव रंगला' २०१६ ला सुरू झाली आणि तो गायकवाडांचा वाडा बघायला कुठून कुठून माणसं यायला लागली, राणादा दिसतोय का, पाठकबाई दिसतात का. सगळ्यांना माहीत होतं शूटिंग चाललंय, लाईटी लावलेल्या दिसायच्या, तरी माणसं त्याला राणादाच म्हणायची, त्याच्या खऱ्या नावानं हाक मारलेली मी तरी फार ऐकली नाही. पुढं डिसेंबर २०२२ मध्ये राणादा झालेला हार्दिक जोशी आणि पाठकबाई झालेली अक्षया देवधर यांनी खऱ्या आयुष्यात लग्न केलं तेव्हा किती जणींना घरातलं लग्न झाल्यासारखा आनंद झाला होता. त्याच्या आधीची गोष्ट म्हणजे १९८७-८८ चं रामायण, रविवारी सकाळी टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून लोक बसायचे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मध्ये मिहीरला, म्हणजे नायकाला, मारलं तेव्हा प्रेक्षकांनी एवढा गदारोळ केला की त्याला परत आणावं लागलं. आणि आपले निळू फुले, पडद्यावर सरपंच नाहीतर पाटील म्हणून इतके अस्सल वाटायचे की खेड्यातल्या बायका त्यांना प्रत्यक्षात बघितलं तरी बिचकायच्या, शिव्या द्यायच्या, आणि तो माणूस प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलातून आलेला, अत्यंत साधा, सामाजिक कामात आयुष्य घालवलेला. सिनेमा काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या, प्रभात फिल्म कंपनीच्या या गावात पडद्यावरच्या माणसांवर जीव लावायची सवय शंभर वर्षांची आहे ताई.

आता मालिका संपल्यावरचं दुःख. त्यावर पण अभ्यास झालाय. २००४ मध्ये 'फ्रेंड्स' ही अमेरिकन मालिका संपली तेव्हा केरेन एयाल आणि जोनाथन कोहेन यांनी प्रेक्षकांना विचारून बघितलं, ते २००६ मध्ये छापून आलं. लोकांना खरोखर वियोगासारखं वाटलं होतं, खऱ्या नात्याच्या तुटण्यापेक्षा सौम्य, पण होतं. आवडत्या पात्राशी नातं जेवढं घट्ट तेवढा त्रास जास्त, आणि ज्यांना आधीपासून एकटं वाटत होतं त्यांना अजून जास्त. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्यावर परत येणार आहे.

त्यात आपल्याकडं मालिका संपवतात कशा ते बघा. टीआरपी घसरला की दोन आठवड्यांत गुंडाळायची, पाच वर्षं छळणारी खलनायिका एका भागात पाया पडते, सगळे एका फ्रेममध्ये उभे राहतात, संपलं. निरोप घ्यायला वेळच देत नाहीत. किंवा मधेच कलाकार बदलतात, नाव तेच, साडी तीच, माणूस दुसरं, आणि पडद्यावरच्या घरात कुणालाच काही वाटत नाही, सगळे तिला आई म्हणून हाक मारतायत. यानं प्रेक्षकाला जे वाटतं त्याला घरात कुणी विचारत नाही, कारण विचारायचं असतं हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. माणूस गेलं तर दहावं, तेरावं असतं, माणसं भेटायला येतात. मालिका गेली तर सोमवारी त्याच वेळेला दुसरी सुरू, नवीन टायटल साँग. ज्या दुःखाला बाहेर मान्यता नसते ते जास्त दिवस आत राहतं हे मी माणसांच्या मृत्यूतही बघितलंय आणि इथंही तेच दिसतं.

म्हणून ती अभिनेत्री खाष्ट सासू म्हणून दिसली तेव्हा तुमचा बांध फुटला. पात्र गेलं होतं पण चेहरा परत आला आणि तो चेहरा दुसऱ्याच सुनेला घालूनपाडून बोलतोय. ज्या आवाजानं तुम्हाला साडेचार वर्षं धीर दिला तोच आवाज. रडू येणारच. इथं एक काम करा, मनात दोघींना वेगळं करा, अगदी ठरवून. तुमची ती 'आई' लेखकानं लिहिली, दिग्दर्शकानं घडवली, या बाईंनी तिला शरीर आणि आवाज दिला. ती आई कुणालाच बदलता येणार नाही, ती तिच्या तेराशे भागांमध्ये आहे तशीच राहणार. आणि या बाई कलाकार आहेत, त्यांचं पोट त्याच्यावर आहे, आज सासू उद्या आणि काही. त्यांची एखादी मुलाखत बघा जिथं त्या स्वतःबद्दल बोलतात, साध्या कपड्यात, कामाबद्दल. बऱ्याच जणांना यानं मोकळं वाटतं. आणि कळकळीनं सांगते, हे तुम्हाला नाही, वाचणाऱ्या सगळ्यांना, खलनायिका करणाऱ्या कलाकारांच्या फोटोखाली जाऊन घाणेरडं लिहू नका. ते वाचणारं माणूस खरं असतं, त्याला घरी आईबाप, पोरं असतात.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही पत्रात एक वाक्य मधेच लिहून पुढं गेलात, की तुमची आई बार्शीला असते, फोन होतो पण "जेवलीस का, पोरं काय म्हणतात" एवढ्यावर संपतो, आणि लहानपणापासून ती कडकच होती. ताई, मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. माझ्याकडं कुणी मालिकेतल्या माणसासाठी रडत आलं तर मी मालिकेबद्दल कमी विचारते, मी विचारते की ते माणूस तुमच्यासाठी नेमकं काय करत होतं. एका काकूंचं उत्तर होतं, "तो नायक बायकोला विचारून निर्णय घ्यायचा". एका पोराचं होतं, "त्यातला बाप नापास झालेल्या मुलाला ओरडला नाही". (ओळख पटू नये म्हणून दोघांचे तपशील बदललेत.) आपण कुठल्याही पात्रावर जीव लावत नाही, शेकडो पात्रं बघतो आणि एकावर अडकतो, ते एकच का हे बघितलं की आपल्या आत काय कमी पडलंय त्याचा पत्ता लागतो. तुमचं उत्तर मी ठरवणार नाही, पण ती आई मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून "तू चुकली नाहीस" म्हणायची असं तुम्हीच लिहिलंय. असं तुम्हाला शेवटचं कोण म्हणालं होतं, याचा विचार करा. घाई नाही.

याचा अर्थ मालिका बघणं म्हणजे पळवाट असा काढू नका. २००९ मध्ये जेय डेरिक, शिरा गॅब्रिएल आणि कर्ट ह्युगनबर्ग यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिसलं की लोक एकटं वाटतं तेव्हा आवडत्या मालिकेकडं वळतात आणि तिचा नुसता विचार केला तरी एकटेपणाची टोचणी कमी होते. म्हणजे आधार खरा असतो. मार्च २०२० मध्ये शूटिंग बंद पडली आणि नवीन भाग येईनात तेव्हा एकटी राहणारी म्हातारी माणसं किती बावरली होती ते मी फोनवर ऐकलंय, त्यांचा संध्याकाळचा सगळा क्रमच त्या मालिकांवर बसलेला होता. त्यामुळं घरातल्या आजी-आजोबांच्या हातातून रिमोट काढून घेऊ नका, त्यांच्याजवळ बसा आणि विचारा काय झालं आज त्या अमक्याचं. फक्त एक अडचण आहे या आधाराची, तो टोचणी एवढी कमी करतो की खऱ्या माणसाला फोन करायची निकड उरत नाही. आज नको, उद्या करू, असं वर्षानुवर्षं चालतं. मग मालिका संपते आणि आपल्याला कळतं की मधल्या काळात आपण कुणाशीच फारसं बोललेलो नाही.

मिस्टरांबद्दल. ते कट्टर पीटीएमवाले, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या पाटाकडील तालीम मंडळाच्या फुटबॉल टीमचे चाहते, आहेत असं तुम्ही ओघात लिहिलंय, ते वाचून मला बरं वाटलं, कारण आता समजावणं सोपं आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील हरली की रात्री जेवण जात नाही अशी कितीतरी माणसं मी ओळखते. २०२२ ला अर्जेंटिना वर्ल्डकप जिंकली तेव्हा मध्यरात्री आपल्याकडं फटाके वाजले, चौकाचौकांत मेस्सीचे कटआउट होते. मेस्सी कोल्हापुरातल्या कुणाला ओळखतो? तरी पोरं रडली आनंदानं, आणि कुणी त्यांना येडं म्हणालं नाही, म्हणूही नये. हे नातं आणि तुमचं नातं एकाच जातीचं आहे, एका बाजूचं, पण मनापासूनचं. फरक एवढाच की पुरुषांच्या या प्रेमाला गावात मान आहे, मिरवणूक आहे, आणि बायकांच्या मालिकेला टिंगल. हे मला वर्षानुवर्षं खटकत आलंय. मिस्टरांना भांडून सांगू नका, शांतपणे एवढंच म्हणा की तुमची टीम कायमची बंद झाली, परत कधीच मैदानात उतरणार नाही असं कळलं तर तुम्हाला जे वाटेल ते मला आत्ता वाटतंय. समजतील. नाही समजले तरी निदान हसायचे थांबतील.

आता रोजचं. साडेआठचं जे कालवतं ना, त्यातलं बरंचसं शरीराच्या सवयीचं आहे, साडेचार वर्षं त्या वेळेला मन एका ठिकाणी जाऊन बसायचं, ती वेळ आली की ते निघतं आणि दार बंद दिसतं. हे काही आठवड्यांत ओसरतं, पण तो अर्धा तास रिकामा ठेवलात तर उशीर लागतो. तुमच्या घरापासून रंकाळा लांब नाही, पोरांना घेऊन चक्कर मारा. किंवा ज्या कुणी ती मालिका बघत होत्या त्यांना गाठा, ऑफिसात कुणी असेल, कपिलतीर्थ मंडईतल्या तुमच्या भाजीवाल्या मावशी असतील, त्यांना नुसतं म्हणा "संपली की हो आपली मालिका", बघा कशा बोलायला लागतात, तुम्हाला वाटेल त्यापेक्षा जास्त जणी याच दुःखात असतात आणि कुणी बोलत नसतं. आणि एक पत्र लिहा, त्या पात्राला, कलाकाराला नाही. वहीत, हातानं. तुमच्यामुळं मला काय मिळालं, कुठल्या दिवशी तुम्ही कामाला आलात, शेवट मला कसा वाटला, राग असेल तर राग. पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. हा उपाय आम्ही खऱ्या वियोगातही देतो. जुने भाग ॲपवर परत बघायचे असतील तर बघा, पण रात्री एकामागून एक नको, पुढचा भाग आपोआप सुरू होतो ती सेटिंग बंद करून ठेवा, झोप गेली की सगळं दुःख दुप्पट वाटतं.

डॉक्टर कधी गाठायचे तेही सांगते. रडू येणं, हुरहूर, चिडचिड हे ठीक. पण दोन आठवड्यांच्या वर झोप आणि जेवण बिघडलं, कामावर जाववत नाही, कशातच रस वाटत नाही, जगून काय करायचं असे विचार यायला लागले, तर ते मालिकेचं दुःख राहिलेलं नसतं, त्याच्याआडून डिप्रेशन आलेलं असू शकतं. तसंच टीव्हीतली माणसं खास माझ्यासाठीच निरोप देतायत, मला इशारे करतायत असं कुणाला खरोखर वाटायला लागलं तर समुपदेशकाकडं वेळ घालवू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठा, कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवता येतं. टेली मानस म्हणून सरकारची मोफत हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, रात्रीही उचलतात. तुमच्या पत्रावरून तुम्हाला यातलं काही दिसत नाही, तुम्ही कामाला जाता, पोरांचं करता, हसता पण, हे चांगलं आहे.

राहिली नवीन मालिका. त्या सासूवाली तर आत्ता नकोच, दोनतीन महिने जाऊ द्या, मग एखादा भाग लावून बघा, तेव्हा त्या बाईंचं काम म्हणून बघता आलं तर खुशाल बघा, छान करतायत असं ऐकलंय. दुसरी कुठली असेल तर पत्र लिहून झाल्यावर सुरू करा, आधी नाही. आणि शक्य असेल तर ती एकटीनं बघू नका. बार्शीला आईकडं टीव्ही असेलच, दोघींनी एकच मालिका धरा, आणि भाग संपला की फोन करा, "बघितलंस का आज तिनं काय केलं ते". ज्या आईशी जेवलीस का याच्या पुढं बोलणं सरकत नाही तिच्याशी पात्रांबद्दल बोलता येतं. असं मी दोनतीन घरांत बघितलंय, सुरुवातीला आई म्हणते "त्या पोरीचं चुकलंच", मग तुम्ही म्हणता "का ग, तिच्या जागी मी असते तर", आणि तिथून पुढं काय निघेल ते तुम्ही मला परत लिहून कळवा, मी वाट बघते.